संगीताची वकिली

गणिताच्या शिक्षकाला आपला विषय शाळेत का असावा, हे कुणाला पटवून द्यावे लागत नाही. तो वर्गात येतो, खडू उचलतो आणि शिकवू लागतो. संगीतशिक्षकाच्या वाट्याला हे सुख नाही. दर जूनमध्ये वेळापत्रक लागेपर्यंत त्याच्या मनात धास्ती असते, की यंदा आपले किती तास उरले असतील? त्याच्या विषयाला ‘उपक्रम’ म्हणतात आणि त्याच्या कामाला ‘कार्यक्रम बसवणे’. शिकवणे हा शब्द त्याच्याबाबतीत क्वचितच कुणाच्या तोंडी येतो. म्हणून संगीतशिक्षकाला नेहमी दोन कामे करावी लागतात. एक गाणे शिकवण्याचे आणि दुसरे गाण्याची वकिली करण्याचे. या दुसऱ्या कामाचे शिक्षण आम्हाला कुठेच मिळत नाही. प्रारंभिकपासून विशारदपर्यंतच्या परीक्षा मी दिल्या, रागांचे थाट आणि तालांचे ठेके पाठ केले. पण पालकसभेत उभे राहून दहा मिनिटांत काय बोलावे, हा प्रश्न कोणत्याही प्रश्नपत्रिकेत आला नाही.

मी पुनावळ्यात राहते. पवनेकाठचे हे जुने शेतकरी गाव १९९७ मध्ये पिंपरी-चिंचवड महापालिकेत आले. मुंबई-बंगळूर महामार्गाचे बाह्यवळण गावाला लागूनच जाते आणि पलीकडे हिंजवडी. त्यामुळे उसाच्या शेतांच्या जागी वीस-वीस मजल्यांच्या इमारती उभ्या राहिल्या. माझ्या वर्गातल्या मुलांच्या घरी मराठी, हिंदी, मारवाडी, कन्नड, तेलुगू, मैथिली अशा किती भाषा बोलल्या जातात, हे मी एकदा मोजायला घेतले आणि नऊपर्यंत येऊन थांबले. आमचे घर कापडाच्या व्यापारातले. दुकान चिंचवडला, राहणे इकडे. सकाळी दुकानाकडे जाणाऱ्या गाड्या भुयारी मार्गापाशी अडकतात, तेवढ्या वेळात माझा पहिला तास संपलेला असतो.

तीन वर्षांपूर्वी मी शिकवते त्या शाळेने आठवी-नववीचे संगीताचे तास काढून टाकले आणि ते स्पर्धापरीक्षांच्या पूर्वतयारीला दिले. शाळेचे नाव मी घेणार नाही, कारण असे करणारी ती एकटी शाळा नाही. पाचवी ते सातवीचा आठवड्यातला एक तास राहिला, तोही शनिवारी शेवटचा. म्हणजे बस लवकर सुटणार असली, की प्रथम तोच जाणार. पालकांकडून तक्रार आली नाही. उलट दोघा-तिघांनी व्यवस्थापनाचे अभिनंदन केले. त्यांत आपल्या समाजातले एक सद्गृहस्थ होते, हेही सांगितले पाहिजे. भेटल्यावर ते फार सौजन्याने म्हणाले, “ताई, गाणं चांगलंच आहे हो. पण त्याचा पुढं उपयोग काय?”

त्या प्रश्नावर रागावण्यात अर्थ नव्हता. व्यापारी माणसाने उपयोग विचारायचा नाही, तर काय विचारायचे? मी घरी येऊन भले मोठे निवेदन लिहायला घेतले. नादब्रह्म, सामवेद, भारतीय संस्कृती, मनःशांती, सगळे त्यात आले. आमचे सासरे, ज्यांना घरात सारे बापूजी म्हणतात, त्यांनी ते दोन पाने वाचून खाली ठेवले. पन्नास वर्षे गादीवर बसून कापड विकलेला माणूस. म्हणाले, “बेटा, गिऱ्हाइकाला कापडाचं वर्णन सांगत बसलं, तर ते चहा पिऊन निघून जातं. तागा उलगडून समोर टाक. हात लावू दे. मग भाव बोल.”

मी निवेदन बाजूला ठेवले आणि मुख्याध्यापिकांकडे एवढीच परवानगी मागितली, की एका शनिवारी सहावीच्या पालकांना माझ्या तासाला बसू द्यावे. गाणे ऐकायला नव्हे, तास पाहायला.

हा फरक मला महत्त्वाचा वाटतो. स्नेहसंमेलनात पालक जे पाहतात ते तयार झालेले गाणे असते. झगमगते कपडे, ध्वनिक्षेपक, मागे वाजणारे मुद्रित संगीत. त्यावरून मूल काय शिकले हे कळत नाही. किंबहुना संगीतशिक्षक म्हणजे कार्यक्रम बसवणारा माणूस, ही समजूत अशा संमेलनांमुळेच पक्की झाली आहे. वर्गात काय घडते, हे बहुतेक पालकांनी कधी पाहिलेलेच नसते. त्या शनिवारी वीसेक पालक मागच्या बाकांवर बसले. मी तानपुरा लावला, मुलांकडून षड्ज लावून घेतला आणि मग पालकांना म्हटले, “आता आपणही लावा.” थोडी हसाहस झाली. मोठ्या माणसांना आपला आवाज ऐकू जाण्याची किती भीती वाटते, हे त्या दिवशी दिसले. एक गृहस्थ, ज्यांचे भोसरीत यंत्रांच्या सुट्या भागांचे दुकान आहे, पुन्हा पुन्हा स्वर चुकवत होते आणि त्यांची अकरा वर्षांची मुलगी मागे वळून हाताने ‘वर, अजून थोडं वर’ असे सांगत होती. चौथ्या खेपेस त्यांचा स्वर तानपुऱ्यात मिसळला. ते एकदम गप्प झाले. नंतर टाळी देऊन तीनताल मोजायला दिला. सोळा मात्रा, तिसरी, अकरावी नव्हे, पहिल्या मात्रेवर सगळ्यांनी एकत्र यायचे. पालक विखुरले, मुले समेवर आली.

तासानंतर मी भाषण केले नाही. जूनपासून ठेवलेली वही मात्र सर्वांना पाहायला दिली. त्यात प्रत्येक मुलापुढे साध्या नोंदी होत्या: षड्ज धरता येतो की नाही, दुसरा गात असताना आपला स्वर टिकतो की नाही, सम हुकली तर स्वतःच्या लक्षात येते की नाही. जूनमध्ये निम्म्याहून अधिक मुलांपुढे ‘नाही’ होते, डिसेंबरात फार थोड्यांपुढे. वही ठेवणे हे आपल्या लोकांना समजते. हिशेब दाखवणाऱ्या माणसाचे म्हणणे ते ऐकून घेतात.

आता या नोंदींतल्या शेवटच्या रकान्याविषयी थोडे सांगावेसे वाटते. उदाहरण चुकले, तर मुलाला ते शिक्षकाने तांबडी रेघ मारल्यावर कळते. सम चुकली, तर त्याला त्याच क्षणी स्वतः कळते. कुणी सांगावे लागत नाही, गुण कापावे लागत नाहीत, आणि पुढच्या आवर्तनात सुधारण्याची संधी सोळा मात्रांनी पुन्हा येते. चूक लपवण्याची सोय नाही आणि चुकीची शिक्षाही नाही, असे शाळेत दुसरे काय आहे? गाण्याचा उपयोग काय, या प्रश्नाला माझे उत्तर एवढेच आहे.

पण आमच्यातलेच बरेच शिक्षक याहून भपकेदार उत्तर देतात. गाणे शिकल्याने गणित सुधारते, बुद्ध्यंक वाढतो, असे जाहिरातीत छापतात. या समजुतीचे मूळ १९९३ साली ‘नेचर’ या नियतकालिकात आलेल्या एका छोट्या लेखात आहे. अमेरिकेत ३६ महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना मोझार्टची एक रचना ऐकवली. त्यानंतर अवकाशीय आकलनाच्या एका चाचणीत त्यांना थोडे अधिक गुण मिळाले आणि तो परिणाम दहा-पंधरा मिनिटांत ओसरला. ते संगीत शिकले नव्हते, फक्त ऐकले होते. मुले नव्हते, तरुण होते. आणि गणिताची परीक्षा तर नव्हतीच. तरी त्यावरून एवढी लाट उसळली, की १९९८ मध्ये जॉर्जिया राज्याच्या गव्हर्नरांनी प्रत्येक नवजात बालकाला अभिजात संगीताची तबकडी देण्याचा प्रस्ताव मांडला! अशा आधारावर आपला विषय उभा करू नये. उद्या कुणी सिद्ध केले, की बुद्धिबळाने गणित अधिक सुधारते, तर आमचा तास बुद्धिबळाला जाईल आणि आम्हाला बोलायला तोंड राहणार नाही. ज्या मालात सूत आहे, तो सूत म्हणूनच विकावा. रेशीम सांगून नव्हे.

दहावीच्या वाढीव गुणांचेही काहीसे असेच आहे. शास्त्रीय गायन, वादन, नृत्याच्या मान्यताप्राप्त परीक्षा उत्तीर्ण होणाऱ्या विद्यार्थ्यांना आपल्या राज्यात दहावीला सवलतीचे गुण मिळतात. शासनाने कलेची दखल घेतली, याचा आनंद आहे. मात्र आठवीत कधी सूर न लावलेले मूल घेऊन पालक येतात आणि ‘दहावीपर्यंत किती परीक्षा होतील?’ असे विचारतात, तेव्हा मी त्यांना परत पाठवत नाही, पण गुणांची हमीही देत नाही. त्या वाटेने आलेली काही मुले पुढे खरोखर गात राहिली. बहुतेकांची पेटी दहावीच्या निकालानंतर माळ्यावर गेली.

वकिलीचा विषय निघाला आहे, तर एका खऱ्या वकिलाची आठवण काढली पाहिजे. विष्णु नारायण भातखंडे यांचा जन्म १८६० मध्ये मुंबईत वाळकेश्वरला झाला. ते कायद्याचे पदवीधर होते आणि काही वर्षे त्यांनी वकिली केलीही. त्यांच्या संगीताभ्यासाला आधार मिळाला तो ‘गायन उत्तेजक मंडळी’चा. ही संस्था १८७० मध्ये मुंबईतल्या पारशी मंडळींनी, कैखुश्रू काबराजी यांच्या पुढाकाराने काढली होती. व्यापार-उद्योगात नाव काढलेल्या समाजाने स्वतःच्या मुलाबाळांना राग-संगीत शिकता यावे म्हणून उभारलेली ती जागा. भातखंडे तिथे शिकले, पुढे तिथेच शिकवू लागले. पत्नी आणि मुलगी यांच्या मृत्यूनंतर त्यांनी कोर्टाची वकिली सोडली आणि उरलेले आयुष्य संगीताच्या कामाला दिले. देशभर फिरून घराण्यांच्या चिजा लिहून घेतल्या, ‘हिंदुस्थानी संगीत पद्धती’ मराठीत लिहिली, शिकणाऱ्यांसाठी क्रमिक पुस्तके केली. १९१६ मध्ये बडोद्याला सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरवली. १९१८ मध्ये ग्वाल्हेरला माधव संगीत महाविद्यालय आणि १९२६ मध्ये लखनौला मॅरिस कॉलेज उभे राहिले. त्यांची पद्धत वकिलाचीच होती: पुरावा गोळा करायचा, कागद तयार करायचा आणि ज्याच्या हाती निर्णय आहे त्याच्यापुढे नेऊन ठेवायचा.

दुसरे विष्णु, म्हणजे पलुसकर, यांची रीत अगदी वेगळी. कुरुंदवाडचा हा मुलगा. लहानपणी फटाक्याने डोळ्यांना इजा होऊन दृष्टी अधू झाली, म्हणून मिरजेला बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे गाणे शिकायला राहिला. १८९६ मध्ये मिरज सोडल्यावर त्यांनी काठेवाडात तिकीट लावून जाहीर गायन केले. दरबारात बिदागीची वाट पाहत बसणाऱ्या गवयाने लोकांसमोर उभे राहून आपल्या कलेचे मोल उघडपणे मागावे, ही त्या काळी साधी गोष्ट नव्हती. ५ मे १९०१ रोजी त्यांनी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले आणि १९०८ मध्ये मुंबईत. मला सर्वांत मोलाचा वाटतो तो त्यांचा उपदेशक वर्ग. निवडक शिष्यांना जवळ ठेवून वर्षानुवर्षे तयार करायचे आणि मग गावोगाव शिकवायला पाठवायचे. नावच पाहा: ‘गायक वर्ग’ नव्हे, ‘उपदेशक वर्ग’. गाणे शिकवणाऱ्याने गाण्याची बाजूही मांडली पाहिजे, हे त्यांनी अभ्यासक्रमातच घातले होते. विनायकबुवा पटवर्धन, ओंकारनाथ ठाकूर, नारायणराव व्यास, बा. र. देवधर ही सारी त्यांचीच शिष्यमंडळी. नारायण मोरेश्वर खरे यांना त्यांनी गांधीजींच्या आश्रमात पाठवले.

व्यापारी वाचकांनी पलुसकरांच्या कथेचा पुढचा भागही ऐकावा. मुंबईतल्या विद्यालयाच्या इमारतीसाठी त्यांनी कर्ज काढले, आणि ते फेडता न आल्याने अखेर इमारत लिलावात गेली. गाण्याची एवढी मोठी चळवळ उभी करणाऱ्या माणसाजवळ जमाखर्च पाहणारा कुणी भक्कम माणूस असता, तर? हा प्रश्न मला नेहमी पडतो, कदाचित मी दुकानदाराच्या घरची म्हणून पडत असेल. १९३१ मध्ये ते गेले. त्याच वर्षी शिष्यांनी एकत्र येऊन अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळ स्थापन केले, ज्याच्या परीक्षा आज आमची मुले देतात. १९३२ मध्ये विनायकबुवांनी पुण्यात गांधर्व महाविद्यालय सुरू केले. इमारत गेली, पण शिक्षक तयार होते, म्हणून काम राहिले.

आमच्या सोसायटीतल्या एका काकांनी मला एकदा विचारले, “आपल्यात हे गाणं-बजावणं होतं कुठं?” होते, आणि पुष्कळ होते. आपल्या आगमांतील स्थानांग सूत्रात सातव्या स्थानात सप्तस्वरांचे विवेचन येते. मोर षड्ज बोलतो, इथपासून. पार्श्वदेव या जैन आचार्यांचा ‘संगीतसमयसार’ हा ग्रंथ संगीतशास्त्राच्या अभ्यासकांना आजही लागतो. हे सांगितल्यावर काका खूश झाले, परंतु नातवाला वर्गात मात्र घातले नाही! ग्रंथांचा अभिमान आणि महिन्याचे शुल्क या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एका लग्नाच्या संगीत-संध्येला आपण जेवढे खर्च करतो, तेवढ्यात एका शाळेतल्या संगीतशिक्षकाचे वर्षाचे मानधन निघेल. आणि त्या संध्येला नाचण्याखेरीज घरातले कुणी काही गात नाही. भक्तिसंध्येलाही बाहेरून मंडळी येतात, आपण टाळ्या देतो. पाठशाळेत स्तवने म्हटली जातात, पण चाल चित्रपटगीताची आणि सूर ज्याचा त्याचा. मी टीका म्हणून लिहीत नाही. महिला मंडळातल्या माझ्या मैत्रिणींना हे तोंडावर सांगितले आहे आणि त्यांनी ते मान्यही केले आहे.

याउलट पुनावळ्याच्या जुन्या गावठाणात पाहावे. तिथल्या भजनात पखवाज आहे, टाळ आहेत, वीणा आहे, आणि तिथे संगीताची वकिली कुणालाच करावी लागत नाही. का? मी पुष्कळ विचार केला. देहू-आळंदी इथून जवळ. आळंदीला जोग महाराजांनी १९१७ मध्ये काढलेल्या वारकरी शिक्षण संस्थेत मुले गायन-मृदंगही शिकत आली आहेत. परंपरा तर आहेच. पण मला दिसलेले कारण अधिक साधे आहे. एकादशीला भजन असते. ते ठरलेले असते. पाऊस असो, काढणी असो, दिवस बदलत नाही आणि कुणाची परवानगी लागत नाही. गाणे टिकले ते त्याला पंचांगात जागा होती म्हणून. तेव्हापासून मी शाळेकडे कार्यक्रम मागणे सोडले. पेट्या मागितल्या नाहीत, स्वतंत्र खोली मागितली नाही. ठरलेला तास मागितला. शनिवारचा शेवटचा नव्हे, मंगळवारचा तिसरा, जो परीक्षेच्या आठवड्यातही इतर विषयांइतकाच राहील किंवा जाईल.

या मागणीला आधार कागदावरही आहे, आणि तो प्रत्येक संगीतशिक्षकाने माहीत करून घ्यावा. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या अनुसूचीत, सहावी ते आठवीचा पट शंभरावर गेला, की कलाशिक्षणासाठी अंशकालीन निदेशक असावा असे म्हटले आहे. (कला म्हणजे चित्रकला असे समजून बहुतेक शाळा तिथेच थांबतात.) २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने अभ्यासक्रम आणि अभ्यासेतर यांच्यातली भिंत काढण्याचे सांगितले. मी हे कागद सभेत नेले, पण शेवटी काढले. आधी मुले, मग वही, मग कायदा. हा क्रम बापूजींचा.

त्या उघड्या तासांचे फळ अर्धेच मिळाले. पाचवी ते सातवीला आठवड्यातून दोन तास झाले आणि शनिवार सुटला. भोसरीच्या दुकानाचे ते गृहस्थ पालक-शिक्षक संघात निवडून आले आहेत आणि प्रत्येक सभेत न चुकता संगीताचा विषय काढतात. त्यांच्यासारखी वकिली मला जमणार नाही, कारण ती शिक्षकाने केली, तर लोक म्हणतात, ही आपल्या पगारासाठी बोलते. आठवी-नववीचे तास मात्र परत आलेले नाहीत. व्यवस्थापनाचे म्हणणे असे, की पालकांनी लेखी मागणी केली, तर विचार करू. मागच्या महिन्यापर्यंत सदतीस सह्या झाल्या आहेत. त्यांत ‘पुढं उपयोग काय’ विचारणाऱ्या सद्गृहस्थांची अजून नाही. एप्रिलमध्ये पुढच्या वर्षाचे वेळापत्रक ठरण्यापूर्वी सभा आहे. माझी धाकटी यंदा आठवीत जाईल, तेव्हा तिचे आजोबा म्हणून बापूजी सभेला येणार आहेत. काय बोलणार, ते मला सांगत नाहीत. तानपुरा मात्र गाडीत ठेवायला सांगितले आहे.